आधी जागा, मग सिगार

प्रश्न असा आहे: "वर्षभर अधूनमधून सिगार ओढतोय. पहिला अर्धा भाग झकास लागतो, पुढे इतकी कडू होते की टाकून द्यावी लागते. घरी बाल्कनीत ओढली की वरच्या मजल्यावरून तक्रार येते. बाहेर दोनदा पेटवल्यावर उठवलं. मी सिगार चुकीची घेतोय, मला ओढायला येत नाही, की शहरात यासाठी जागाच उरलेली नाही?"

तिन्ही शंकांचं मूळ एकच आहे असं मला वाटतं. सतरा वर्षं मी सिगारच्या दुकानात काउंटरमागे उभा होतो. त्यातली शेवटची सहा वर्षं दुकानाला जोडलेली बसायची खोली माझ्याकडे होती. गिऱ्हाईक आलं की "कुठली आवडते?" हा माझा पहिला प्रश्न नसायचा. मी विचारायचो, "कुठे बसून ओढणार आणि हातात वेळ किती आहे?" निम्मे लोक गोंधळून बघत राहायचे. त्यांनी सिगार ठरवलेली असायची, जागा नाही. तुम्हीही तेच करताय, म्हणजे सिगार खिशात घालून जागा शोधत फिरताय. हा क्रम उलटा करा, बरंचसं गाडं रुळावर येईल.

आधी कडूपणाचं बघू. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारीत आतला भरणा बहुधा तीन तऱ्हेच्या पानांचा असतो. झाडाच्या बुडाकडचं पान म्हणजे व्होलाडो, ते चटकन पेट घेतं. मधलं सेको, सुगंध मुख्यतः त्याचा. शेंड्याकडचं, भरपूर ऊन खाल्लेलं जाड पान म्हणजे लिगेरो. ते उग्र असतं आणि सावकाश जळतं, म्हणून वळणारा कारागीर ते बरोबर मधोमध ठेवतो. कड आधी जळते, गाभा मागून येतो, त्यामुळे निखारा किंचित टोकदार दिसतो. हे सगळं ठरावीक आचेवरच जमतं. त्यासाठी मिनिटाला एक झुरका पुरे. त्याहून घाई केली की निखारा भडकतो, पानातली तेलं करपतात आणि पुढच्या भागात साचलेला ओला, डांबरासारखा अंश तापून जिभेवर उतरतो. सुरुवातीला हे कळत नाही, कारण धूर अख्ख्या लांबीतून गार होत येतो. अर्धी संपली की ती लांबी निम्मी झालेली असते आणि साचलेला मळ वाढलेला असतो. तुमची सिगार मध्यावर बिघडते असं वाटतं, पण ती पहिल्या दहा मिनिटांतच बिघडलेली असते.

वारा नेमकं हेच करतो, आणि तेही तुम्ही झुरका न घेता.

एक गृहस्थ आठवतात. मुलीला पहिली नोकरी लागली म्हणून त्यांनी चर्चिल आकाराची सिगार घेतली. म्हणजे १७८ मिलिमीटर लांब, जवळपास १९ मिलिमीटर जाड. आत यायला तयार नव्हते. म्हणाले, "उघड्यावर मजा येते", आणि आमच्या गच्चीवरच्या कडेच्या टेबलावर जाऊन बसले. बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. वारा डावीकडून येत होता. पंधरा मिनिटांनी बघितलं तर सिगारीची डावी बाजू बोटभर आत जळत गेलेली आणि उजव्या बाजूचं पान तसंच, होडीसारखं, पुढे आलेलं. सारखं करायला ते लायटर लावत होते, मग विझेल म्हणून भराभर ओढत होते, मग पुन्हा लायटर. कपाळावर घाम. मी पाणी नेऊन ठेवलं आणि खुर्ची फक्त भिंतीच्या कोपऱ्यात सरकवून दिली, वाऱ्याकडे पाठ करून. सिगार फिरवून मागे राहिलेली बाजू खाली घ्यायला सांगितलं, कारण खालच्या बाजूला हवा नीट मिळते आणि ती बाजू गाठ घेते. दोन मिनिटं ओढूच नका म्हटलं. जळणं सारखं झालं, पण कडूपणा गेला नाही. एकदा करपलेली सिगार पूर्ववत होत नाही. पुढच्या आठवड्यात ते परत आले तेव्हा त्यांना पेटिट कोरोना, म्हणजे बरीच आखूड सिगार, दिली आणि आतल्या खोलीत बसवलं. बोटांना चटका बसेपर्यंत सोडली नाही त्यांनी.

हाताशी ठेवावा असा एक उपाय सांगतो. सिगार जड लागायला लागली की तिच्यातून उलटी, म्हणजे निखाऱ्याच्या दिशेने, हलकी फुंकर मारा. आत कोंडलेला शिळा धूर निघून जातो आणि पुढचे काही झुरके स्वच्छ येतात. राख सतत झटकू नका. दोन-अडीच सेंटीमीटर राख टोकावर राहू द्या, ती निखाऱ्याला पांघरुणासारखी झाकते आणि आच काबूत ठेवते. विझली तर बिघडलं नाही. राख पाडा, एक फुंकर मारा, पुन्हा पेटवा. तासाभरात पेटवली तर चालते, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

कडूपणाचं दुसरं कारण ओल. पुष्कळ दुकानांत सिगार सत्तर टक्के आर्द्रतेच्या आसपास ठेवतात. तिथे ती टवटवीत दिसते, पण तशीच पेटवली तर जड ओढावी लागते आणि नकळत तुम्ही जोर लावता. विकत आणल्यावर हवाबंद डब्यात पासष्ट टक्के आर्द्रता राखणारी पुडी टाकून आठ-दहा दिवस ठेवा. त्यासाठी महागडा ह्युमिडॉर, म्हणजे ओल राखणारी सिगारची पेटी किंवा कपाट, नको, झाकण घट्ट बसणारा डबा चालतो. डबा उन्हात किंवा गरम कपाटात मात्र ठेवू नका. तापमान पंचविशीच्या वर गेलं की तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटतात आणि एक दिवस पानाला सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात.

आता वेळ. सिगारीची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, आणि रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. ५० रिंगची सिगार साधारण २० मिलिमीटर जाड असते. लोक नावाकडे आणि पट्टीच्या सोनेरी छपाईकडे बघतात. मी म्हणेन आधी लांबी-जाडी बघा, कारण त्यावर तुमचा बसण्याचा वेळ ठरतो. ९० मिलिमीटरची हाफ कोरोना वीस-पंचवीस मिनिटांत आटपते. पेटिट कोरोना १२९ मिलिमीटर आणि ४२ रिंग, तिला अर्धा-पाऊण तास. १२४ मिलिमीटर आणि ५० रिंगचा रोबुस्टो पाऊण ते एक तास घेतो. चर्चिलला दीड तास मोकळा हवा, कुणाचा फोन येणार नसेल असा. लान्सेरो लांब आणि सडपातळ असते, १९२ मिलिमीटर आणि फक्त ३८ रिंग. ती मला स्वतःला सगळ्यात आवडते, पण वाऱ्यात अजिबात टिकत नाही आणि घाई केली तर सगळ्यात आधी सूड उगवते. हल्ली ६० रिंगच्या जाडजूड सिगारींची फॅशन आहे. त्या सोप्या वाटतात, धूर ढीगभर देतात. माझ्या मते मात्र तोंड दुखवण्यापलीकडे त्या फारसं काही करत नाहीत.

घाम आणि मळमळ यांचंही इथेच सांगून टाकतो, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी कडू सिगार जोर लावून संपवणाऱ्याला ती गाठतेच. सिगारीचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. रिकाम्या पोटी ओढू नका. गरगरलं तर सिगार ठेवा, काहीतरी गोड तोंडात टाका, बसून राहा. काउंटरमागे असताना एक गोष्ट मी कधी लपवली नाही: धूर गिळत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी आहे ही समजूत खोटी आहे. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहूनही कमी तंबाखू असतो, मोठ्या सिगारीत पाच ते वीस ग्रॅम. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. शेजारी बसलेल्यालाही त्या धुराचा वाटा मिळतो. रोजची सवय लागत असेल तर सोडा, हे मी गिऱ्हाइकालाही सांगितलेलं आहे.

आता जागा. ती का मिळत नाही हे कळलं तर कुठे मिळेल हेही कळतं. न्यूयॉर्कने २००३ मध्ये बार आणि रेस्टॉरंटमधलं धूम्रपान बंद केलं, पण जुन्या सिगार बारना सवलत ठेवली. अट अशी की २००१ या वर्षात त्यांचं किमान दहा टक्के उत्पन्न जागेवरच्या तंबाखू विक्रीतून किंवा ह्युमिडॉरच्या भाड्यातून आलेलं हवं. आयर्लंडने २००४ मध्ये कामाच्या सगळ्या बंद जागांवर बंदी घातली, त्यात पबही आले. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदी आली आणि तिथल्या नियमाप्रमाणे छप्पर असलेल्या जागेच्या भिंतींचा किमान अर्धा भाग उघडा असेल तरच तिथे ओढता येतं. म्हणून लंडनमधल्या चांगल्या हॉटेलांनी छत, गरम हवेचे दिवे आणि अर्ध्या भिंती अशा गच्च्या बांधल्या. टोकियोच्या चियोदा भागात उलटंच झालं: २००२ मध्ये तिथे रस्त्यावर ओढायला दंड लागला, बंद जागांवरचे निर्बंध नंतर आले. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून बागांतही ओढता येत नाही.

थोडक्यात, "बाहेर आहे म्हणजे चालेल" आणि "आत आहे म्हणजे चालणार नाही" हे दोन्ही अंदाज फसतात. तुमचं शहर कोणतंही असो, कायदा सहसा तीन ठिकाणी फट ठेवतो. एक, तंबाखूचंच दुकान, जिथे बसून चाखता येतं. दोन, वेगळं वायुवीजन असलेली बंद खोली. तीन, खरोखर उघडी जागा. शोध या तीन ठिकाणीच घ्या. कॅफेच्या फुटपाथवरच्या खुर्च्यांवर वेळ घालवू नका. तिथे माणसं खातात, मुलं असतात, आणि नियमात बसलं तरी तुम्ही नकोसेच असता.

सुरुवात दुकानापासून करा, नकाशावरच्या लाउंजपासून नाही. जो माणूस सिगार विकतो त्याला शहरात ती कुठे ओढतात हे माहीत असतं, कारण त्याची गिऱ्हाइकं रोज येऊन सांगतात. एक-दोन सिगार घ्या आणि विचारा. कुठल्या हॉटेलची गच्ची पाच वाजेपर्यंत रिकामी असते, कुठला बार बुधवारी चालवून घेतो आणि शनिवारी नाही, हे त्याच्याकडूनच कळतं. संकेतस्थळांवरच्या याद्यांतली निम्मी ठिकाणं बंद पडलेली किंवा मालक बदललेली असतात.

मग फोन करा, आणि नीट विचारा. तुम्हाला दोनदा उठवलं त्याचं कारण मला ऐकल्या ऐकल्या वाटलं ते असं: तुम्ही "स्मोकिंग एरिया आहे का?" एवढंच विचारलं असणार. त्याचं उत्तर "हो" येतं, पण तो "हो" सिगारेटचा असतो. पुष्कळ ठिकाणी सिगारेट चालते आणि सिगार व पाइप चालत नाही, आणि हे फलकावर लिहिलेलं नसतं. म्हणून विचारायचं ते असं: "सिगार चालते का? आत की बाहेर? किती वाजेपर्यंत? स्वतःची आणलेली चालते का, आणि चालत असेल तर त्याचे काही पैसे लागतात का?" फोन उचलणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. उद्या कुणी उठवायला आलं तर नाव सांगता येतं, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

पोहोचलात की लगेच पेटवू नका, दोन मिनिटं खोली बघा. ॲशट्रे बघा. सिगारची ॲशट्रे मोठी असते आणि तिच्या काठावर सिगार आडवी विसावेल अशी रुंद खाच असते. टेबलावर सिगारेटच्या बारीक खाचांच्या वाट्या असतील तर समजा की इथे सिगार ओढणारे क्वचितच येतात. वर बघा: हवा खेचणारं तोंड छताजवळ आहे का, आणि त्याच्या जाळीवर तपकिरी राप चढलाय का. राप असेल तर पंखा चालतो पण सफाई होत नाही. हवा कुठून आत येते हेही बघा. नुसती बाहेर खेचणारी खोली दाराच्या फटीतून वारा ओढते, आणि दाराजवळची खुर्ची म्हणजे उघड्या गच्चीसारखीच. शेवटी कोच हुंगा. हसू नका, पाठीला टेकायची उशी शिळ्या धुराने आंबलेली असेल तर तासाभरात तुमच्या जिभेचंही तेच होतं. ताजी सिगार कुठली आणि खोलीचा वास कुठला हे मग कळेनासं होतं.

गच्ची असेल तर वाऱ्याकडे पाठ, दोन भिंतींचा कोपरा, आणि आकार आखूड नि जाड. तिथे रोबुस्टो घ्या, लान्सेरो घरी ठेवा. अशा ठिकाणी साध्या लायटरची ज्योत टिकत नाही, जोराची निळी ज्योत फेकणारा टॉर्च लायटर लागतो. पण तो जपून वापरा. टोकापासून बोटभर लांब धरून आधी नुसतं शेका, कडेने राखाडी वळ आला की पहिला झुरका. निळी ज्योत थेट पानाला टेकवली की पहिल्या मिनिटातच जळका वास बसतो.

आतल्या खोलीत वागायचं कसं, याचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण त्यावरून माणूस ओळखला जातो. दुकानाच्या ह्युमिडॉरमध्ये सिगार दाबून बघू नका आणि नाकाला लावून हुंगू नका. ती अजून तुमची नाही. चिमटीत हलकी धरून पान अखंड आहे का एवढं बघा. दुकानातलं कटर वापरणार असाल तर टोक आधी ओठांनी ओलं करू नका, कारण तेच कटर तुमच्यानंतर दुसऱ्याच्या सिगारीला लागणार आहे. कापताना टोपी म्हणजे वरचा चिकटवलेला गोल तुकडा तेवढाच कापा, दोन मिलिमीटर पुरे. जास्त कापलं की वरचं पान उलगडायला लागतं. स्वतःची सिगार नेली असेल तरी त्यांच्याकडून एक विकत घ्या, आज नाही ओढली तरी चालेल. त्या खोलीचं भाडं त्यातूनच निघतं. आणि शेजारी कुणी काय ओढतोय यावर मत देऊ नका. स्वस्त, गोड वासाची सिगार मिटल्या डोळ्यांनी ओढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तितकंच समाधान महागड्या पेटीच्या मालकाच्या चेहऱ्यावर फार क्वचित.

महागड्या पेटीवरून आठवलं. प्रवासात कुणी काचेच्या झाकणाची क्यूबन सिगारीची पेटी स्वस्तात देऊ केली तर हात जोडा. तशी पेटी जवळजवळ हमखास बनावट असते. आणि क्यूबनच हवी हा हट्टही नको. क्यूबातल्या राष्ट्रीयीकरणानंतर अनेक तंबाखू कुटुंबं तिथून बाहेर पडली, आणि आज निकाराग्वातल्या एस्तेलीची किंवा डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सिबाओ खोऱ्याची सिगार कुणापुढे मान खाली घालत नाही.

बाल्कनीबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. वरच्या मजल्यावरचे लोक बरोबर आहेत. गरम धूर वर चढतो, भिंतीला धरून जातो आणि त्यांच्या खिडकीतून आत शिरतो. तुम्हाला बसल्या जागी वासही येत नाही. सिगारीचा धूर पडदे आणि लोकरीच्या कपड्यांत मुरतो तो धुतल्याशिवाय निघत नाही. बोलून वेळ ठरवता आली तर ठरवा: आठवड्यात एकदा, अमुक वाजता, हाफ कोरोना, त्यांच्या खिडक्या बंद असताना. नाही जमलं तर बाल्कनी सोडा. खोली बंद करून आत ओढण्याच्या भानगडीत पडू नका. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची चाळणी धुराचे कण धरते, वास धरायला सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो, आणि घरगुती यंत्रात तो बहुधा कागदाएवढा असतो. हॉटेलच्या खोलीत तर नकोच. सकाळच्या बिलात खोली धुऊन काढण्याची रक्कम लागलेली दिसेल.

आणखी एक. चालता चालता ओढू नका. हालचालीने वारा लागतो, राख कुणाच्या तरी कपड्यांवर पडते, आणि काही शहरांत तो सरळ गुन्हा आहे.

तर पुढच्या वेळी असं करा. सिगार न घेता घराबाहेर पडा. जागा बघा, वेळ विचारा, बसायला मिळणार असेल त्यातला दहा मिनिटांचा वेळ वजा करा आणि उरलेल्या वेळात संपेल तो आकार तिथल्याच काउंटरवरून घ्या. मिनिटाला एक झुरका. शेवटचे चार-पाच सेंटीमीटर उरले आणि धूर गरम लागायला लागला की थांबा, कितीही पैसे दिलेले असोत. आणि सिगारेटसारखी चिरडून विझवू नका, नुसती खाचेत ठेवून द्या. काही मिनिटांत ती आपली आपण विझते. चिरडलेल्या थोटकाचा वास अख्ख्या खोलीला पुरतो, आणि आमच्याकडे मी ज्यांना उठवलं त्यातले निम्मे त्यासाठीच.